हिब्रू क्रियापदं मोबाइलवर कशी शिकायची: बडोद्यातल्या एका आत्याच्या सूचना

अ‍ॅप डाउनलोड केलं की सुरुवातीला नाव, वय, रोज किती मिनिटं वगैरे विचारतात आणि आपण पटापट पुढे-पुढे करत जातो, मीही तेच केलं, त्यात स्त्री की पुरुष असा एक प्रश्न होता तोही तसाच ढकलला. अ‍ॅपने मला पुरुष धरलं. दोन आठवडे रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी 'अनी लोमेद इव्रित' घोकत होते, आणि मग आमच्या जुन्या शेजारच्या मावशींना व्हिडिओ कॉलवर ऐटीत म्हणून दाखवलं. मावशी दांडिया बाजार सोडून इस्राएलमधल्या अश्दोदला गेल्या त्याला कितीतरी वर्षं झाली, पण मराठी अजून तश्शीच. म्हणाल्या, "अगं, तू बाप्या कधी झालीस?" कारण 'अनी लोमेद' म्हणजे 'मी शिकतो'. बाईनं म्हणायचं 'अनी लोमेदेत'. तर सगळ्यात पहिली सूचना हीच, प्रोफाइल नीट भरा, आणि अ‍ॅपने विचारलंच नाही तर प्रत्येक वाक्य स्वतःच्या लिंगात बदलून मोठ्यानं म्हणा.

मावशी बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. मूळ अलिबागकडचं, घरात मराठी, कोकणात यांना शनिवार तेली म्हणायचे कारण धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद. माझं मात्र हिब्रूशी नातं भाचीमुळे जुळलं. ती नर्सिंग करून तिकडे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या कामाला निघाली, म्हणाली आत्या तू संस्कृत शिकलीयस, तू माझ्याबरोबर बस. बसले. हे जे लिहितेय ते शून्यापासून सुरू करणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना क्रियापदांचा तक्ता बघून धडकी भरते त्यांच्यासाठी.

अक्षरं आली नसतील तर क्रियापदांना हात लावू नका. 22 अक्षरं, त्यातली 5 शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात, एक आठवडा पुरतो. अक्षरं ओळखू यायला लागली की फोनच्या कीबोर्डमध्ये हिब्रू जोडा, जीबोर्ड असेल तर सेटिंगमध्ये भाषा वाढवायची, नंतर स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते. भाषांच्या यादीत ती कधी कधी हिब्रू लिपीतच दिसते, त्यामुळे अक्षरं आधी. उजवीकडून डावीकडे टाइप करताना मधे आकडा आला की कर्सर इकडून तिकडे उडी मारतो, तुमचा फोन बिघडलेला नाही, तसंच असतं ते.

आणि रोमन अक्षरांतला उच्चार दाखवायची सोय असते ती बंद करा. दोन कारणं. एक तर डोळा तिकडेच जातो आणि हिब्रू वाचायला शिकतच नाही. दुसरं म्हणजे घशातला जो 'ख़' आहे, उर्दूच्या 'ख़बर'मधला, तो काही अ‍ॅप रोमनमध्ये सी-एच असा लिहितात आणि आपण निष्पापपणे 'च' वाचतो. भाचीनं आठवडाभर 'ओचेल' म्हटलं, ते आहे 'ओख़ेल', म्हणजे खातो. पहिले पंधरा दिवस वहीत देवनागरीत उच्चार लिहा, ख़ खाली टिंब देऊन, आपल्या लिपीत ए-ओ-आ स्पष्ट दिसतात. मग हळूहळू वही बंद.

आता अ‍ॅप कुठलं. मला लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि खरं सांगायचं तर एका अ‍ॅपने भागत नाही. तीन वेगळी कामं आहेत. वाक्यं कानावर पडायला ड्युओलिंगोसारखं काहीतरी, त्यात हिब्रू इंग्रजीतून शिकवतात. रूपं शोधायला तक्ता, त्यासाठी मी पेआलिम नावाची वेबसाइट वापरते, ब्राउजरमध्ये उघडून होम स्क्रीनवर टाकली की अ‍ॅपसारखीच चालते, कुठलंही रूप टाका, ती मूळ धातू आणि पूर्ण तक्ता काढून देते. आणि तिसरं, पाठ करायला अंकी, ज्यात एका बाजूला प्रश्न नि दुसऱ्या बाजूला उत्तर असे पत्ते, म्हणजे फ्लॅशकार्ड, आपणच बनवायचे, अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. यापेक्षा वेगळं अ‍ॅप घेणार असाल तर एवढं तपासा: शब्दाखालच्या स्वरखुणा, ज्यांना निकूद म्हणतात, त्या हव्या तेव्हा दाखवता-लपवता येतात का, धातू आणि गण (हे काय ते पुढे येतंय) सांगतं का, आणि आवाज माणसाचा आहे की मशीनचा. बाकी रंग, घुबडं, हिरे-माणकं, रोजची साखळी तुटली म्हणून रडणारी चित्रं, याच्याकडे लक्ष देऊ नका.

एका अ‍ॅपचे मात्र माझे पैसे गेले. 7 दिवस फ्री होतं, मी चौथ्या दिवशी कंटाळून फोनमधून काढून टाकलं आणि विसरले, आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापल्याचा मेसेज. अ‍ॅप उडवलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं नसतं. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं. फ्री घेतलं त्याच दिवशी बंद करून टाका, उरलेले दिवस बहुतेक वेळा वापरता येतंच.

बरं, आता मुद्द्याचं. हिब्रू क्रियापद म्हणजे धातू आणि साचा. धातूला म्हणतात शोरेश, म्हणजे मूळ, तो बहुतेक तीन व्यंजनांचा असतो. साच्याला म्हणतात बिन्यान, म्हणजे चक्क इमारत. असे सात बिन्यान. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं त्यांना हे नवं नाही, तिकडे दहा गण होते, इकडे सात, आणि द्विवचनाची कटकट क्रियापदात नाही, म्हणजे गच्छति गच्छतः गच्छन्ति मधला मधला गडी गायब. काफ-ताव-बेत हा धातू घ्या. कतव म्हणजे लिहिलं. निख़्तव, लिहिलं गेलं. हिख़्तीव, सांगून लिहवून घेतलं, म्हणजे डिक्टेशन दिलं. हितकातेव, एकमेकांना पत्रं लिहिली. तीन व्यंजनं जागच्या जागी (काफ कधी क तर कधी ख़, बेत कधी ब तर कधी व वाचतात, अक्षर तेच), आजूबाजूचे स्वर बदलले की अर्थ फिरतो.

हा धातू तुम्हाला आधीपासून माहीत आहे, किताब हा शब्द त्याच्याच अरबी भावंडाचा. अशी भावंडं आपल्या मराठीत भरपूर आहेत, अरबीतून फारसीमार्गे आलेली, आणि ती लक्षात ठेवायला फार कामाला येतात. फत्ते झाली म्हणतो ना, हिब्रूत 'पताख़' म्हणजे उघडलं, अरबीत त्याच धातूचा अर्थ उघडणं आणि जिंकणं दोन्ही. कबूल, तिकडे 'किबेल' म्हणजे मिळालं, स्वीकारलं, आणि पावतीला म्हणतात 'कबाला'. सवाल, तिकडे 'शाअल' म्हणजे विचारलं. आणि माझा सगळ्यात लाडका, हिशेब. हॉटेलात बिल मागायचं तर 'ख़ेश्बोन'. मी अकाउंट्समध्ये 22 वर्षं काढली त्यामुळे हा शब्द मला एकदाही पाठ करावा लागला नाही.

तक्ता उघडला की वीस-पंचवीस खणांचा चौकोन समोर येतो आणि माणूस फोन ठेवून देतो. तसं करू नका, आणि तक्ता वरून खाली वाचूही नका. वर्तमानकाळापासून सुरू करा, कारण तिथे फक्त चार रूपं आहेत. कोतेव, कोतेवेत, कोत्विम, कोत्वोत: लिहितो, लिहिते, लिहितात (पुरुष), लिहितात (बायका). मी-तू-तो असा काही फरकच नाही, अनी कोतेव, अता कोतेव, हू कोतेव, सगळीकडे एकच. फक्त लिंग आणि वचन. आता इथे आपण बडोदेकर मराठी लोक मजेशीर ठिकाणी उभे असतो, कारण दिवसभर बाहेर गुजराती, आणि गुजरातीत 'हुं लखुं छुं' बाईनं म्हटलं काय नि पुरुषानं म्हटलं काय, सारखंच. घरी आलं की लिहितो-लिहिते. हिब्रू बोलताना डोक्यातलं गुजराती बटन बंद आणि मराठी बटन चालू, एवढंच करायचं. लारीवर सेव-उसळ खाताना मी शेजारच्या माणसांकडे बघून मनातल्या मनात म्हणत असते, हू ओख़ेल, ही ओख़ेलेत, हेम ओख़्लिम, म्हणजे तो खातो, ती खाते, ते खातात. वेडेपणा वाटेल पण दोन दिवसांत जिभेवर बसतं.

आणखी एक, 'आहे' वर्तमानात नाहीच. अनी बे-बरोडा, झालं वाक्य, मी बडोद्यात. आणि माझ्याकडे आहे म्हणायला इंग्रजीसारखं वेगळं क्रियापद शोधत बसू नका, आपल्या 'मला एक मुलगी आहे' सारखंच 'येश ली बत'. इथे मराठी माणूस इंग्रजीतून भाषांतर करायला गेला तर उगाच लांबचा रस्ता.

वर्तमानातली पाच-सहा क्रियापदं जिभेवर आली की भूतकाळ. इथे शेपट्या लागतात. कतवती मी, कतवता तू पुरुष, कतवत तू बाई, कतव तो, कत्वा ती, कतवनू आम्ही, कतवतेम तुम्ही, कत्वू ते. मराठीत 'मी गेलो-गेले' होतं, तिकडे मी ला लिंग नाही, पण तू ला आहे, गेलास-गेलीससारखं. निकूद बंद केलं की कतवता आणि कतवत लिहायला अगदी सारखे, काफ ताव बेत ताव, आणि तीच चार अक्षरं 'कतेवेत' म्हणजे बाई पत्रकार अशीही वाचता येतात. संदर्भावरून ओळखायचं. आमचे आजोबा मोडी वाचायचे, ते म्हणायचे मोडी डोळ्यानं नाही, अंदाजानं वाचतात, तसंच काहीसं. म्हणून पहिला महिना निकूद चालू ठेवा, दुसऱ्या महिन्यात बंद करून तोच धडा परत करा. दुसऱ्यांदा करताना पहिल्यांदाच शिकतोय असं वाटेल, घाबरू नका.

भविष्यकाळात शेपटीऐवजी तोंड बदलतं. पुढे लागणारी अक्षरं चारच, आलेफ, योद, ताव, नून, शिकवणारे त्यांना जोडून 'एतान' म्हणतात. एख़्तोव मी, तिख़्तोव तू पुरुष, तिख़्तेवी तू बाई, यिख़्तोव तो, निख़्तोव आम्ही, तिख़्तेवू तुम्ही, यिख़्तेवू ते. आणि ती? ती पण तिख़्तोव. म्हणजे 'तू लिहिशील' आणि 'ती लिहील' एकच. क्विझमध्ये इथे हमखास मार्क जातात. मराठीचा उपयोग इथे संपतो बरं का, आपल्याकडे लिहिशील बाईलाही चालतं, तिकडे नाही. बोलताना आज्ञा पण बऱ्याचदा याच भविष्यकाळानं देतात, आणि नको म्हणायचं तर 'अल' लावून भविष्यकाळच, अल तिख़्तोव, लिहू नकोस. तक्त्यातला आज्ञार्थाचा खण म्हणून सुरुवातीला सोडा, फक्त बो, लेख़, शेव, कूम, म्हणजे ये, जा, बस, ऊठ एवढे पाठ करा, पुरुषांसाठीचे आहेत, बाईला बोई, लेख़ी, श्वी, कूमी.

आता बिन्यान. सातही एकदम घेऊ नका. मी चार घेतले, पाअल, पिएल, हिफील, हितपएल. निफआल नंतर. पुआल आणि हुफआल हे कर्मणी आहेत, वाचताना ओळखता आले तरी पुष्कळ. या चारांसाठी मराठी कान म्हणजे आयतं भांडवल आहे, कारण शिकणे-शिकवणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे हे आपण रांगत असल्यापासून करतोय. लमद शिकला, लिमेद शिकवलं. अख़ल खाल्लं, हेएख़ील भरवलं. भाचीच्या कामाचं सगळ्यात चांगलं उदाहरण हे: लवश म्हणजे कपडा घातला, हिल्बीश म्हणजे दुसऱ्याला घातला, नेसवलं, हितलाबेश म्हणजे स्वतःचे स्वतः कपडे केले. सकाळी आजींच्या खोलीत शिरल्यावर या तिघांतला फरक कळला नाही तर पंचाईत, आजी सांगतायत मी माझे घालते आणि ही बाह्या धरून उभी.

तिच्या कामाचं नावच बघा ना, मेतापेलेत. ती रिक्रूटमेंटच्या कागदांवर हा शब्द महिनाभर बघत होती, पदाचं नाव म्हणून. एक दिवस अ‍ॅपमध्ये सर्चला टाकला तर धातू निघाला तेत-पे-लामेद, बिन्यान पिएल, वर्तमानकाळ, स्त्रीलिंगी एकवचन: देखभाल करते. म्हणजे नाव नव्हतंच ते, क्रियापदाचं रूप होतं. पुरुष असेल तर मेतापेल. तिथून ती एकटीच पुढे गेली, तिपाल्ती केली, अतापेल करीन, लेतापेल करणं. आणि त्याच दिवशी अजून एक गोष्ट कळली, या क्रियापदाला 'बे' लागतो, मेतापेलेत बे-सवता म्हणजे आजीची देखभाल करते, तर मदत करणे ला 'ले', आपल्या ला सारखा. म्हणून पत्ता बनवताना क्रियापद एकटं लिहू नका, मागचा प्रत्यय जोडूनच लिहा, नंतर वेगळा शिकायला दुप्पट वेळ जातो.

बिन्यान ओळखायची चावी धातुसाधितात आहे, म्हणजे लिहिणं-खाणं या रूपात. लि-ख़्तोव असं लि आणि ओ ऐकू आलं तर पाअल, ले-दाबेर (बोलणं) सारखं असेल तर पिएल, लेहा-ल्बीश हिफील, लेहित-लाबेश हितपएल. बरीच अ‍ॅप क्रियापद याच रूपाखाली ठेवतात तर शब्दकोश 'तो'च्या भूतकाळाखाली, कतव. सापडलं नाही की दोन्ही टाकून बघा. स्पेलिंग पण दोन असतात, निकूद असताना योद-वाव गाळून आणि नसताना घालून, शिवाय हिब्रू अकादमीनं 2017 साली नियम बदलले त्यामुळे 'इमा' म्हणजे आई हा शब्दसुद्धा जुन्या ठिकाणी योदशिवाय आणि नव्या ठिकाणी योद घालून दिसेल. तुमची चूक नाही. आणि हितपएलमध्ये धातू स, श नं सुरू झाला तर त चा नि त्याचा नंबर उलटा होतो, लेहितशामेश नाही, लेहिश्तामेश, वापरणे. मी हा शब्द चुकीच्या क्रमानं टाकून अर्धा तास अ‍ॅपला शिव्या दिल्या होत्या.

मग येतात बिघडलेले धातू. जाणे, येणे, देणे. दुर्दैवानं रोज तेच लागतात. हलख़ गेला, पण एलेख़ जाईन, ह गळून पडला. नतन दिलं, एतेन देईन, न गळला, आणि देणं म्हणजे लतेत, ओळखू येतंय का काही? अ‍ॅप याचं कारण समजावायला चार पानं घेतं. वाचू नका, आत्ता तरी. परदेशी माणसानं आपल्याला विचारलं की जाणे चं गेला कसं झालं, ग आला कुठून, तर आपण काय सांगणार आहोत? पाठ करा. असे दहा धातू, दिवसाला एक.

रोजचं वेळापत्रक म्हणाल तर माझं असं: सकाळी कमाटीबागेत फिरताना एक क्रियापद, फक्त ऐकून आणि मागून मोठ्यानं म्हणून, स्क्रीन बघायची नाही. दुपारी अंकीचे वीस पत्ते. पत्त्याच्या एका बाजूला मराठी वाक्य, 'ती उद्या मला लिहील', दुसरीकडे 'ही तिख़्तोव ली माख़ार' हिब्रू लिपीत. सुटं रूप कधीच नाही, पूर्ण वाक्य, आणि पत्ता उलटायच्या आधी तोंडानं म्हणायचंच, मनात म्हटलेलं धरायचं नाही. नवे पत्ते रोज पाचाच्या वर घेऊ नका, पहिल्या उत्साहात मी तीस घेतले आणि दहाव्या दिवशी दोनशे उजळणीचे साठले. संध्याकाळी तक्त्यातला एक खण हातानं झाकून भरायचा. एकूण पंचवीस मिनिटं.

महिन्यातून एकदा परीक्षा. मेसेजिंग अ‍ॅपमध्ये कीबोर्ड हिब्रूवर ठेवून माइक दाबा आणि पाच वाक्यं बोला, फोन काय लिहितो ते बघा. लोमेदेत म्हटलं आणि लोमेद लिहिलं गेलं तर शेवटचा त खाल्लात. माझ्या पाचातली चार आता बरोबर येतात. मग तोच मेसेज मावशींच्या नातवाला पाठवते, त्याला मराठी येत नाही आणि मला त्याच्याशी बोलायला दुसरी भाषा नाही. परवा त्याचा व्हॉइस नोट आला, माझं र ऐकून हसत होता, पण क्रियापद एकही सुधारलं नाही.